ढिगाऱ्यावरून आल्यावरचा खोकला: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की भूकंप किंवा पुरानंतर माणसं बाहेर काढायचं काम थांबलं की सगळ्यांचे मास्क पण उतरतात, धूळ मात्र तिथेच असते. त्यावर एवढे मेल आले की हा पूर्ण अंक त्यालाच देतोय. काही जण चिडलेत पण, "आम्ही जीव धोक्यात घालतो आणि तुम्ही मास्कचं काय घेऊन बसलात" असं एकाने लिहिलंय. चिडा, पण वाचा. नावं सगळ्यांची काढलीयेत, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: डॉक्टर, माझं वय 34, व्यसन नाही, आधी कधी दम्याचा त्रास नव्हता. भूकंपानंतर ढिगारा उपसायला नऊ दिवस होतो. परत येऊन सात आठवडे झाले तरी कोरडा खोकला जात नाही, रात्री उबळ येते, हसलो तरी ठसका लागतो. एक्स-रे काढला तो क्लिअर आला, तीन बाटल्या कफ सिरप संपवलं. घरचे म्हणतात एक्स-रे नॉर्मल आहे म्हणजे तुझ्या मनाचे खेळ आहेत. खरंच का?

नाही, मनाचे खेळ वगैरे काही नाही.

आधी एक्स-रेचं बघू. तो क्लिअर आला हे चांगलंच झालं, न्यूमोनिया नाही, टीबीचा मोठा डाग नाही, एवढं त्यातून कळलं. पण तुम्हाला जे झालंय असं मला वाटतंय ते एक्स-रेत दिसणारं नाहीच मुळी. एक्स-रे म्हणजे फोटो, आणि फोटो बघून माणसाला पळता येतं की नाही हे सांगता येत नाही. त्यासाठी स्पायरोमेट्री करावी लागते, म्हणजे ती नळीत जोरात फुंकायची टेस्ट. पूर्ण श्वास घेऊन जोर लावून सोडला तर पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, ते मशीन मोजतं. नंतर दम्याचा पंप देऊन पुन्हा फुंकायला लावतात, आकडा सुधारला तर समजायचं की नळ्या आवळल्या गेल्यात. ही टेस्ट तुम्ही केलेलीच दिसत नाही, मग सात आठवडे सिरप पिऊन काय होणार.

होतं काय की पडलेल्या इमारतीची धूळ म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. त्यात सिमेंट असतं, चुना, प्लास्टर, काचेचा चुरा, इन्सुलेशनचे बारीक तंतू. सिमेंट ओलं झालं की ते अल्कली असतं, हात भाजतात बघा गवंड्यांचे, तेच सिमेंट श्वासनळीच्या ओल्या अस्तरावर बसलं की तिथेही भाजणारच. अस्तर सुजतं, आणि सूज उतरली तरी नळ्या चिडखोर होऊन बसतात, थंड हवा लागली, उदबत्तीचा धूर आला, जोरात हसलं, की लगेच खोकला. याला आम्ही त्रासदायक धूळ-वायूमुळे झालेला दमा म्हणतो, आधी आयुष्यात कधी दमा नसलेल्या माणसाला पण तो होतो.

याचा सगळ्यात चांगला अभ्यास झालाय तो नैसर्गिक आपत्तीत नाही, न्यूयॉर्कचे वर्ल्ड ट्रेड सेंटरचे टॉवर पडले तेव्हाचा, 2001 सालचा. तो हल्ला होता हे मान्य, पण पडलेल्या स्लॅबच्या धुळीला तो कशामुळे पडला याच्याशी देणंघेणं नसतं. तिथल्या धुळीचा पीएच 9 ते 11 च्या आसपास मोजला गेला, म्हणजे चांगलीच अल्कली. पहिल्या सकाळीच पोचलेल्या फायरमनपैकी साधारण 8 टक्के लोकांना असा हट्टी खोकला लागला की त्याला ट्रेड सेंटर कफ असं नावच पडलं, आणि जे दोन दिवसांनंतर पोचले त्यांच्यात हे प्रमाण खूपच कमी होतं. म्हणजे पहिला ढग सगळ्यात वाईट, हे मीच सांगतो, कारण एका वाचकाने विचारलंय की मग तुम्ही नंतरच्या साफसफाईवर एवढा भर का देता. दोन्ही खरं आहे. पहिल्या दिवशी डोस मोठा असतो, नंतर डोस लहान पण दिवस खूप.

आता यातली खरी गंमत ऐका. त्या फायर डिपार्टमेंटने आपल्या लोकांची फुंकायची टेस्ट आधीपासूनच नियमित करून ठेवली होती. त्यामुळे घटनेनंतर वर्षभराने पुन्हा केली तेव्हा कळलं की एका सेकंदाचा तो आकडा सरासरी 372 मिली ने घसरलाय. वय वाढलं की सगळ्यांचाच आकडा दर वर्षी थोडा उतरतो, पण ही घसरण 12 वर्षांच्या उतारणीएवढी होती, एका वर्षात. आणि पुढे सहा वर्षं बघितलं तरी बहुतेकांचं ते परत भरून आलं नाही. हे का सांगतोय, तर आधीचा आकडाच नसता तर यातल्या कितीतरी जणांना "नॉर्मल" म्हणून घरी पाठवलं असतं. रिपोर्टमध्ये अपेक्षेच्या 80 टक्क्यांच्या वर असलं की ढोबळमानाने नॉर्मल धरतात, आणि या कामात जाणारे लोक तसे दणकट असतात, त्यांचं मुळात 110 टक्के असतं. ते 85 वर आले तरी कागदावर नॉर्मलच, पण जिना चढताना त्यांना स्वतःला कळतं की काहीतरी गेलंय. त्यामुळे कोणी "तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणालं तर "माझ्या आधीच्या आकड्यापेक्षा किती कमी आहे" असं विचारा, आधीचा नसेल तर आजचा जपून ठेवा, पुढच्या वेळी तोच आधीचा होईल.

तुम्ही छातीच्या डॉक्टरांकडे जा, स्पायरोमेट्री करा, आणि तीन गोष्टींबद्दल आपणहून सांगा कारण त्या तिन्ही सहसा एकत्र येतात: नाक चोंदतं का आणि घशात मागून काही गळतं का, छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का, आणि आंबट वर येतं का. नाक, श्वासनळी आणि ॲसिडिटी, यातली एकच धरून औषध दिलं की खोकला अर्धाच जातो आणि पेशंट म्हणतो औषधाने काही होत नाही. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड सांगितलं तर घाबरू नका, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद पण करू नका. बेडक्यातून रक्त, बसल्या बसल्या दम, ओठ निळे पडणं, ताप, वजन उतरणं, यातलं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.

प्रश्न: मास्कबद्दल खरं सांगा. एन95 लावून फावडं मारायला गेलं की वीस मिनिटांत जीव गुदमरतो. आमच्यातले जुने लोक ओला रुमाल बांधतात, म्हणतात तेच बेस्ट. आणि दाढी काढायला लागते का?

ओला रुमाल मोठी धूळ अडवतो, जी तशीही नाकातच अडकते आणि काळ्या शेंबडातून बाहेर पडते. खरी नुकसान करणारी धूळ इतकी बारीक असते की ती दिसतच नाही, फुप्फुसाच्या पार तळापर्यंत जाते, रुमाल तिला काय अडवणार. वाईट भाग असा की रुमाल काळा झालेला बघून माणसाला वाटतं वा, केवढं अडलं. सर्जिकल मास्कचंही तेच, बाजूने उघडा असतो, हवा सोपा रस्ता शोधते.

एन95 म्हणजे 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे, म्हणजे पकडायला सगळ्यात अवघड असलेले कण किमान 95 टक्के अडवणारा मास्क, पण हे कधी, तर तो चेहऱ्याला चिकटून बसला तर. दोन पट्टे असतात, एक डोक्याच्या वर आणि एक मानेवर, दोन्ही मानेवर अडकवलेले मी कितीतरी फोटोंत बघितलेत. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबायची. मग दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडायचा, कडेने किंवा डोळ्यांकडे हवा लागली की तो बसलेला नाही. दाढी असेल तर तो बसणार नाही, हो, काढावी लागते, तीन दिवसांची खुंटं पण त्रास देतात. मिशी मास्कच्या आत मावत असेल तर चालते.

गुदमरतं हे मात्र खरंय आणि ते उडवून लावणाऱ्यांनी एकदा स्वतः मास्क लावून काँक्रीट उचलावं. त्यावर उपाय मास्क काढणं नाही, पाळी लावणं हा आहे. वीस-पंचवीस मिनिटं काम, मग धुळीपासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन मास्क काढून पाणी प्यायचं, तेवढ्या वेळात दुसरा माणूस. व्हॉल्व्हवाला मास्क आत कमी तापतो, धुळीसाठी तो चालतो. घामाने भिजला किंवा श्वास ओढायला जड जायला लागला की फेकायचा, धुवायचा तर अजिबातच नाही. रोजचं काम असेल तर रबरी अर्धा मास्क बघा, ज्याला दोन बाजूंना फिल्टर बदलता येतात, तो दिसायला भीतीदायक आहे पण चेहऱ्यावर बसतो चांगला आणि त्याचे पी100 फिल्टर जवळजवळ सगळंच अडवतात.

आणि एक, जे मास्कच्या गोंधळात सगळे विसरतात. यातला कुठलाच धुळीचा मास्क वायू अडवत नाही. तळघरात किंवा बंद खोलीत जनरेटर नाहीतर पाणी उपसायचं इंजिन चालू असेल तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नाही, रंग नाही. एकाच जागी काम करणाऱ्या दोघातिघांना एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर "ऊन लागलं असेल" म्हणू नका, सगळ्यांना बाहेर काढा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ते 98 दाखवत बसतं. इंजिन उघड्यावर ठेवायचं आणि पाणी ओढायचा पाइप आत न्यायचा, दार-खिडकीपासून पण लांब.

प्रश्न: आम्ही तिघा मित्रांनी वादळानंतर पडलेल्या घरांचे सिमेंटचे पत्रे उचलले, कापले, दीड महिना तेच काम. आता कोणीतरी सांगितलं की जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि कॅन्सर होतो. मला झोप नाही. दर वर्षी सीटी स्कॅन करू का? फुप्फुस धुऊन घेता येतं म्हणे?

तुमची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही, पण तुम्ही जेवढे घाबरलाय तेवढं पण नाही. जरा सावकाश सांगतो.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांत, काही जुन्या फरशांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज, असायचं हे खरं. पत्रा अख्खा असेपर्यंत तंतू सिमेंटमध्ये पकडलेले असतात, फुटला की थोडे सुटतात, ग्राइंडरने कापला की प्रचंड सुटतात. त्यामुळे तुम्ही नुसते उचलले की कापले यात खूप फरक आहे. तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, खाली बसायला वेळ घेतात, आणि फुप्फुसात गेलेले काही तंतू आयुष्यभर तिथेच राहतात. त्याने होणारा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, लगेच होत नाही, वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. जपानमध्ये 17 जानेवारी 1995 ला कोबेचा भूकंप झाला, 6,400 पेक्षा जास्त माणसं गेली, आणि नंतर इमारती पाडण्याच्या, ढिगारा उपसण्याच्या कामावरच्या काही जणांना पुढे बऱ्याच वर्षांनी हाच आजार झाला आणि कामामुळे झाला म्हणून मान्यही झाला. म्हणजे हा धोका कागदी नाही.

पण धोका डोसवर असतो. तीस वर्षं ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाचा आणि दीड महिना काम केलेल्याचा एकच हिशोब नाही, तुमचा धोका शून्य नाही पण खूप कमी आहे, बहुसंख्य लोकांना अशा थोड्या संपर्कातून पुढे काहीच होत नाही. धुऊन वगैरे हे तंतू निघत नाहीत, फुप्फुस धुण्याची एक प्रक्रिया असते पण ती एका वेगळ्याच दुर्मिळ आजारासाठी, ॲस्बेस्टॉसवर तिचा उपयोग नाही. वाफेने, काढ्याने, "डिटॉक्स"ने पण नाही, त्यावर पैसे घालवू नका. दर वर्षी सीटीची पण गरज नाही, त्यात रेडिएशन आहे, आणि निरुपद्रवी बारीक ठिपके सापडून तुमची उरलेली झोपही जाईल. एकदा एक्स-रे आणि फुंकायची टेस्ट करून रिपोर्ट फाइलला लावा, झालं.

तिघांपैकी कोणी सिगारेट ओढतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. ओढत असेल तर ती सोडणं हे या सगळ्यात सगळ्यात मोठं काम आहे. मेसोथेलिओमाला सिगारेटने फरक पडत नाही, पण फुप्फुसाच्या साध्या कॅन्सरचा धोका ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट मिळून नुसता बेरजेने वाढत नाही, त्याहून बराच जास्त वाढतो.

आणि आजच्या आज बसून लिहून काढा: कुठल्या तारखा, रोज किती तास, काय फोडलं, कशाने कापलं, तोंडावर काय होतं, सोबत कोण होतं. मोबाइलमधले फोटो डिलीट करू नका. पंचवीस वर्षांनी एखादा डॉक्टर "तुम्ही कधी ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलंय का" विचारेल तेव्हा तुम्हाला ते दीड महिने आठवणार पण नाहीत, आणि भरपाईचा प्रश्न आला तर नुसत्या आठवणीवर कोणी काही देत नाही. पुढच्या वेळी पत्रे आधी पाण्याने भिजवा, कापू नका, अख्खे उतरवा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि या कामाला एन95 नको, तो वर सांगितलेला पी100 फिल्टरवाला लागतो.

प्रश्न: मृतदेह काढताना जो वास येतो तो फुप्फुसात जाऊन आजार होतो का? आमच्या टीममधल्या मुलांना ही भीती फार आहे.

वासाने फुप्फुस खराब होत नाही. आपत्तीत गेलेली माणसं इजेने किंवा बुडून गेलेली असतात, साथीने नाही, त्यांच्यामुळे साथ पसरते ही समजूत चुकीची आहे. देह हलवताना छातीतली हवा बाहेर पडते, त्यातून टीबीचा थोडा धोका धरतात, म्हणून मास्क लावा, देहाच्या तोंडावर कापड टाका, हातमोजे घाला. मुलांना जो त्रास होतोय तो वासापेक्षा दृश्याचा असेल, त्यांच्याशी त्यावर बोला.

प्रश्न: पूर ओसरल्यावर घरं साफ करायला आमचा ग्रुप जातो. तिथे तर सगळं ओलं असतं, धूळ कुठे? तरी मागच्या वेळी आमच्यातल्या एकाला ताप, अंगदुखी आणि दम लागून ॲडमिट करावं लागलं.

पहिले काही दिवस ओलं असतं, नंतर तोच चिखल वाळतो, आणि झाडूने झाडला की पुरातलं सगळं, गटाराचं पण, हवेत. म्हणून चिखल ओला असतानाच काढा, वाळला असेल तर पुन्हा भिजवा, झाडू नका. भिंती, गाद्या, प्लायवूड यांवर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, तिने दमा आणि ॲलर्जीवाल्यांचे हाल होतात, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी आहे त्यांनी अशा घरात शिरूच नये, मास्क लावून पण नाही.

तुमच्या मित्राचं नक्की काय निदान झालं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुरानंतर ताप आणि पोटऱ्या प्रचंड दुखणं म्हटलं की पहिली शंका लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून जंतू पाण्यात येतात, पायाच्या जखमेतून शिरतात. म्हणजे हा आजार फुप्फुसापर्यंत पोचू शकत असला तरी गमबूट इथे मास्कपेक्षा महत्त्वाचे! बिघडला तर फुप्फुसात रक्तस्राव होऊ शकतो आणि माणूस एक-दोन दिवसांत व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. पुराच्या पाण्यातून आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "पुरात काम केलंय" हे पहिल्या वाक्यात सांगा, पॅरासिटामॉल घेऊन घरी बसू नका. जायच्या आधी प्रतिबंधक गोळी घ्यायची का तेही डॉक्टरांनाच विचारा, आपापसात वाटू नका.

मातीतनं फुप्फुसात काय जाऊ शकतं याचं एक उदाहरण मला नेहमी आठवतं. कॅलिफोर्नियात 17 जानेवारी 1994 ला नॉर्थरिजचा भूकंप झाला, दरडी कोसळून धुळीचे ढग उठले, आणि पुढच्या काही आठवड्यांत एका काउंटीत 203 लोकांना मातीतल्या एका बुरशीचा आजार, व्हॅली फीव्हर, झाला, 3 जण गेले. ती बुरशी तिकडच्या कोरड्या मातीतली आहे, सगळीकडे नसते, पण तो ढग दिसायला साध्या धुळीसारखाच होता ना.

आणि साफसफाई करताना ब्लीचिंगमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड किंवा अमोनियावालं लिक्विड मिसळू नका. "दोन्ही टाकलं की जास्त साफ होतं" हे डोकं कोणाचं आहे माहीत नाही, त्यातून जो वायू निघतो त्याने खोकत ॲडमिट झालेली माणसं मी बघितलीत.

प्रश्न: मला लहानपणापासून दमा आहे, पंप चालू आहे. मदतीला जाऊ शकतो का?

ढिगाऱ्यावर नको. कंट्रोल रूम, सामान वाटप, नोंदणी, ड्रायव्हिंग, हजार कामं असतात आणि त्याला माणसं नेहमी कमी पडतात. जिथे जाल तिथे पंप खिशात, बॅगेत नाही.

प्रश्न: माझे मिस्टर रेस्क्यू टीममध्ये आहेत. घरी येतात तेव्हा कपडे पांढरे झालेले असतात, मीच झटकून मशीनला लावते. आमचा चार वर्षांचा मुलगा दारातच त्यांना मिठी मारतो. याने काही होतं का?

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात ते फार बरं झालं. कपडे झटकायचं आजपासून बंद. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांना, स्वतः कधी कारखान्यात पाय न ठेवता, मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. तुमच्या घरच्या धुळीत ते असेलच असं नाही, पण असलं तर कळणार पण नाही.

खरं तर कपडे कामाच्या जागीच बदलायला हवेत, आणि ती सोय टीमने करायला हवी, हे मिस्टरांना त्यांच्या लीडरला सांगायला सांगा. तोपर्यंत बूट आणि वरचे कपडे दाराबाहेर, कपडे हलक्या हाताने पिशवीत भरून तोंड बांधायचं, पिशवीतून सरळ मशीनमध्ये, घरच्या बाकी कपड्यांबरोबर नाही. ते आले की आधी केस धुऊन आंघोळ, धूळ केसांत खूप बसते. छोट्याला सांगा बाबांची आंघोळ होईपर्यंत थांब, पंधरा मिनिटं तो रडेल. गाडीची सीट पण ओल्या फडक्याने पुसा, कारण त्याच सीटवर बसून तो शाळेत जात असेल.